पानं वसंतात, फूल शरदात. केशरासारखं दिसणारं ‘कोल्चिकम’ इतकं जीवघेणं का आहे?

मार्च-एप्रिल उजाडला की जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधली माणसं पिशव्या घेऊन रानात जातात. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, शेवळं आणायला जातात, अगदी तसंच. तिकडच्या या लाडक्या रानभाजीचं नाव आहे रानलसूण. झाडांच्या सावलीत हिरवीगार पानं पसरलेली असतात. ती खुडायची, घरी आणायची आणि सूप किंवा चटणी करायची.

त्याच दिवसांत तिथल्या विषबाधा केंद्रांकडून एक इशाराही येतो : पानं नीट पाहून खुडा. कारण रानलसणाच्या शेजारीच, तशाच हिरव्या रंगाची आणि तशाच आकाराची दुसरी पानं उगवलेली असू शकतात. ती पोटात गेली तर माणूस दगावू शकतो. असे मृत्यू युरोपात वेळोवेळी झालेले आहेत.

ही दुसरी पानं म्हणजे कोल्चिकम. गंमत अशी की याच वनस्पतीचं फूल तिकडे जवळपास सगळ्यांना ओळखता येतं. मग पानं का ओळखता येत नाहीत? याचं उत्तर या वनस्पतीच्या विचित्र वेळापत्रकात आहे.

कोल्चिकम म्हणजे नेमकं काय?

या वनस्पतीचं शास्त्रीय नाव ‘कोल्चिकम ऑटमनेल’. ‘ऑटमनेल’ म्हणजे शरद ऋतूतलं. १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी हे नाव नोंदवलं. इंग्रजीत तिला ‘ऑटम क्रोकस’ किंवा ‘मेडो सॅफ्रन’, म्हणजे कुरणातलं केशर, असंही म्हणतात. पण ती क्रोकसही नाही आणि केशरही नाही. तिचं कुळ वेगळं आहे आणि ते तिच्याच नावावरून ओळखलं जातं : कोल्चिकेसी.

‘कोल्चिकम’ हा शब्द आला ‘कोल्खिस’वरून. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा प्राचीन प्रदेश आज जॉर्जिया देशात येतो. ग्रीक पुराणकथांमधली विषविद्येत निपुण असलेली राजकन्या मेडिया याच कोल्खिसची. विषारी वनस्पतीला हे नाव मिळावं, यात नवल नाही.

ब्रिटन-आयर्लंडपासून युक्रेनपर्यंत युरोपच्या बऱ्याच भागात ही वनस्पती रानटी उगवते. ओलसर कुरणं, नदीकाठचा गवताळ भाग आणि जंगलाच्या कडा या तिच्या आवडीच्या जागा.

आधी फूल, मग पान : उलटं वेळापत्रक

बहुतेक झाडं आधी पालवतात आणि मग फुलतात. कोल्चिकमचं गणित वेगळं आहे.

ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, जेव्हा कुरणातली बाकीची फुलं संपत आलेली असतात, तेव्हा हिची फिकट गुलाबी-जांभळी फुलं थेट जमिनीतून वर येतात. सोबत एकही पान नसतं. म्हणूनच इंग्रजीत हिला ‘नेकेड लेडीज’ असंही एक नाव पडलं. जर्मन लोक तिला ‘हेर्ब्स्टत्साइटलोझं’ म्हणतात. त्या नावात शरद ऋतू आहे आणि ‘वेळेचं भान नसलेली’ असा अर्थही ऐकू येतो.

वर फुलाचा देठ वाटतो, तो खरं तर देठ नाहीच. ती फुलाचीच लांब, पांढरट नळी असते. सहा पाकळ्या खाली एकत्र जुळून ही नळी बनते आणि जमिनीत खोलवर जाते. फुलाचं अंडाशय, म्हणजे जिथे बिया तयार होतात तो भाग, चक्क जमिनीखाली असतं. परागकण वर पडतो, पण फलन होण्यासाठी परागनलिकेला वीतभर अंतर खाली उतरावं लागतं.

त्यानंतर फूल सुकतं आणि जमिनीवर काहीच उरत नाही. हिवाळाभर कोवळी बीजं मातीखाली, थंडीपासून सुरक्षित राहतात. वसंत आला की रुंद, चकचकीत हिरवी पानं वर येतात आणि त्यांच्या मधोमध असतं मागच्या शरदातल्या फुलाचं बोंड. जून-जुलैपर्यंत बोंड पिकतं, तपकिरी बिया बाहेर पडतात आणि पानं वाळून जातात. पुन्हा शरदापर्यंत काही नाही.

फूल यायच्या आधीच बोंड दिसतं, म्हणून जुन्या काळातल्या युरोपीय वैद्यांनी हिला लॅटिनमध्ये ‘बापाच्या आधी जन्मलेला मुलगा’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं.

या सगळ्याचा खजिना म्हणजे जमिनीतला घनकंद. वसंतात पानांनी तयार केलेलं अन्न याच कंदात साठतं. त्यामुळेच शरदात एकही पान नसताना फूल येऊ शकतं. हा साठा इतका भक्कम असतो की उकरून काढलेला कंद माती-पाण्याशिवाय नुसता खिडकीत ठेवला, तरी त्याला फूल येतं.

आता मुद्दा लक्षात येईल. ज्यांनी शरदात फूल पाहिलं, त्यांना पानं दिसलीच नाहीत. ज्यांनी वसंतात पानं पाहिली, त्यांना फूल दिसलं नाही. फूल आणि पान यांची भेटच होत नाही आणि माणसाची गल्लत नेमकी तिथेच होते.

केशर की कोल्चिकम? कसं ओळखायचं?

पहिली गल्लत होते फुलाची. खरं केशर, म्हणजे ‘क्रोकस सॅटायव्हस’, हेही शरदातच फुलतं. काश्मीरमधल्या पाम्पोरच्या शेतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केशर फुललेलं असतं. रंगही जांभळा, पाकळ्याही सहा. दोन्ही फुलं दुरून सारखीच वाटतात. पण फुलात डोकावून पाहिलं तर फरक लगेच कळतो.

• पुंकेसर मोजा : केशराच्या फुलात ते ३ असतात, कोल्चिकममध्ये ६.

• स्त्रीकेसर पाहा : केशरात एकच कुक्षीवृंत असून वर त्याच्या तीन लालभडक शाखा होतात. त्या वाळवल्या की आपलं केशर. कोल्चिकममध्ये तीन वेगवेगळे, फिकट कुक्षीवृंत असतात.

• पानं पाहा : केशराची पानं गवतासारखी बारीक असतात आणि मधून पांढरी रेघ जाते. कोल्चिकमची पानं रुंद असतात आणि फुलाच्या वेळी नसतातच.

रानलसणाची गल्लत जास्त धोक्याची का?

फूल कुणी सहसा खात नाही. पानं मात्र थेट ताटात येतात. त्यामुळे दुसरी गल्लत जिवावर बेतते.

दोन्हींची पानं वसंतातच येतात, तीही बऱ्याचदा एकाच ओलसर जागी. फरक असा आहे. रानलसणाचं प्रत्येक पान स्वतःच्या बारीक देठावर जमिनीतून वेगळं येतं, ते मऊ असतं आणि त्याची खालची बाजू निस्तेज दिसते. कोल्चिकमच्या पानांना देठ नसतो. तीन-चार जाड, ताठ, चकचकीत पानं एकाच ठिकाणाहून एकमेकांना कवटाळून वर येतात. अनेकदा त्यांच्या मध्ये बोंड लपलेलं असतं.

मग वासावरून कळत नाही का? पान चुरगळलं की रानलसणाचा लसणासारखा वास येतो, कोल्चिकमचा येत नाही. पण ही परीक्षा फक्त पहिल्या एक-दोन पानांपुरती खरी. चार पानं चुरगळली की हातालाच लसणाचा वास लागतो आणि मग प्रत्येक पान लसणाचंच वाटायला लागतं. मूठभर पानं एकदम उपटणाऱ्याच्या हातात एक-दोन चुकीची पानं आली, तर ती वासावरून सापडणं कठीण.

शिजवल्यावर तरी विष जाईल, हा समजही चुकीचा आहे. कोल्चिकममधलं विष शिजवून किंवा वाळवून नष्ट होत नाही.

शरीरात गेल्यावर काय होतं?

या विषाचं नाव कोल्चिसिन. फूल, पान, बी, कंद, सगळ्यांत ते असतं. बिया आणि कंदात त्याचं प्रमाण विशेष जास्त.

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी दोन होताना आधी गुणसूत्रांच्या दोन सारख्या वाटण्या करते. त्या दोन टोकांना ओढून नेण्यासाठी पेशीत अतिसूक्ष्म नळ्यांचे दोर तयार होतात. हे दोर ‘ट्युब्युलिन’ नावाच्या प्रथिनाचे बनतात. कोल्चिसिन या ट्युब्युलिनला चिकटतं आणि दोर बनूच देत नाही. विभाजन मध्येच अडकतं आणि पेशी मरते.

त्यामुळे ज्या पेशी सतत नव्याने तयार होतात, त्यांना पहिला फटका बसतो. म्हणजे आतड्याचं अस्तर, रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा आणि केसांची मुळं. लक्षणांचा क्रमही साधारण तसाच असतो.

• पहिला टप्पा : पोटात गेल्यावर काही तास काहीच जाणवत नाही. साधारण २ ते १२ तासांनी घशात-पोटात जळजळ, उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात.

• दुसरा टप्पा : एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुप्फुसं यांचं काम कोलमडू लागतं. पांढऱ्या पेशी घटतात, जंतुसंसर्ग वाढतो. बहुतेक मृत्यू याच काळाच्या आसपास होतात.

• तिसरा टप्पा : जे वाचतात, त्यांची तब्येत आठवड्याभरानंतर सुधारू लागते. अनेकांचे केस गळतात, पण ते पुन्हा येतात.

सगळ्यात फसवे आहेत ते सुरुवातीचे शांत तास. जेवणाला आणि त्रासाला इतकं अंतर पडतं की ‘काहीतरी बाधलं असेल’ म्हणून माणूस घरीच थांबतो. तोवर विष पेशींपर्यंत पोहोचलेलं असतं. यावर सहज मिळणारा उतारा आजही नाही. डॉक्टर वेळेत पोट साफ करतात, सलाइन देतात, निकामी होणारे अवयव सांभाळतात. प्रतिद्रव्यांवर आधारित उताऱ्याचा प्रयोग फ्रान्समध्ये १९९० च्या दशकात यशस्वी झाला होता, पण तो सर्वत्र उपलब्ध औषध बनला नाही.

उलट्या-जुलाबांमुळे ही विषबाधा एकेकाळी कॉलऱ्यासारख्या आजारातही खपून जायची. लंडनमध्ये १८६२ साली फाशी दिलेल्या कॅथरीन विल्सन या परिचारिकेवर कोल्चिकम देऊन खून केल्याचा आरोप सिद्ध झाला होता. लंडनमध्ये जाहीरपणे फाशी दिलेली ती शेवटची स्त्री.

माणूसच नाही, गुरंही

चरणारी जनावरं ताज्या कोल्चिकमला सहसा तोंड लावत नाहीत. पण कुरणातलं गवत कापून, वाळवून हिवाळ्यासाठी साठवलं की त्यात ही पानं आणि बोंडंही येतात. वाळलेल्या चाऱ्यात जनावराला ती वेगळी काढता येत नाहीत आणि विष तर तसंच टिकून असतं. गाई, घोडे यांना यातून विषबाधा होते. हे विष दुधातही उतरू शकतं.

यावरचा उपाय वनस्पतीच्या वेळापत्रकातच आहे. एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला पानं पूर्ण वाढलेली असतात, पण कंदात नवं अन्न साठलेलं नसतं आणि बियाही पिकलेल्या नसतात. तेव्हा कापणी केली, तीही काही वर्षं सलग, तर कोल्चिकम कमी होत जातं. अडचण अशी की फुलपाखरं आणि दुर्मीळ रानफुलं वाचावीत म्हणून काही कुरणांची कापणी मुद्दाम उशिरा केली जाते. त्याचा फायदा कोल्चिकमलाही होतो. शेतकऱ्याचा चारा सांभाळायचा की कुरणातली जैवविविधता, हा तिथला खरा पेच आहे.

मग हेच विष औषध कसं झालं?

गाउट म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांध्यांत, विशेषतः पायाच्या अंगठ्यात, असह्य कळा येण्याचा आजार. त्यावर या कुळातल्या कंदांचा वापर फार जुना आहे. सहाव्या शतकातले वैद्य अलेक्झांडर ऑफ ट्रॅलिस यांनी तो लिहून ठेवलाय. पण डोस थोडा चुकला तरी रुग्ण दगावण्याची भीती होती. १७६३ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर आंतोन फॉन श्टोर्क यांनी कोल्चिकमवर लिहिलं आणि ते पुन्हा चर्चेत आलं.

१८२० मध्ये पेलतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी यातला क्रियाशील घटक वेगळा केला. याच जोडीने त्याच वर्षी सिंकोनाच्या सालीतून क्विनीनही वेगळं केलं. १८३३ मध्ये जर्मनीच्या फिलिप गायगर यांनी हा घटक शुद्ध करून त्याला ‘कोल्चिसिन’ नाव दिलं.

सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींना हालचालीसाठी तेच ट्युब्युलिनचे दोर लागतात. अगदी कमी मात्रेतलं कोल्चिसिन ही हालचाल मंदावतं आणि सूज उतरते. १९७२ पासून वारंवार ताप आणि पोटदुखी होणाऱ्या ‘फॅमिलियल मेडिटेरेनियन फीव्हर’ या आनुवंशिक आजारातही ते वापरलं जाऊ लागलं. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी रोज ०.५ मिलिग्रॅम मात्रेला मान्यता दिली.

अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी औषध, पण औषधी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार कमी. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत चालू असेल, तर नेहमीची मात्राही जिवावर येऊ शकते. म्हणून ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

बिनबियांच्या कलिंगडाशी काय संबंध?

१९३७ मध्ये अल्बर्ट ब्लेकस्ली आणि एमॉस एव्हरी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कोल्चिसिनमुळे वनस्पतीच्या पेशीतली गुणसूत्रं दुप्पट करता येतात. वाटणीचे दोरच नसल्याने दुप्पट झालेली गुणसूत्रं एकाच पेशीत राहतात.

कलिंगडाच्या पेशीत २२ गुणसूत्रं असतात. कोल्चिसिन वापरून ४४ गुणसूत्रांचं रोप तयार करायचं, त्याचा साध्या कलिंगडाशी संकर करायचा. मिळणाऱ्या रोपात ३३ गुणसूत्रं येतात. त्यांची समान वाटणी होत नाही, त्यामुळे पक्की बी धरत नाही. बिनबियांचं कलिंगड यातूनच आलं. जपानचे हितोशी किहारा यांचं यात मोठं काम आहे.

महाराष्ट्रात कोल्चिकम आहे का?

कोल्चिकम ऑटमनेल महाराष्ट्रात रानटी उगवत नाही. काश्मीरच्या डोंगरांत तिची पिवळ्या फुलांची बहीण ‘कोल्चिकम ल्युटियम’ सापडते. ती वसंतात फुलते. युनानी औषधांत तिच्या कंदाला कडू सुरंजान म्हणतात.

पण याच कोल्चिकेसी कुळातली आणि हेच कोल्चिसिन बाळगणारी एक वनस्पती आपल्या अगदी ओळखीची आहे. ती म्हणजे कळलावी, अर्थात अग्निशिखा. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायवाटांवर, कुंपणांवर ही वेल दिसते. पाकळ्या सहा, पुंकेसरही सहा. पाकळ्या मागे वळलेल्या, ज्वाळांसारख्या लाल-पिवळ्या. पानाचं टोक ताणासारखं वळून आधार पकडतं. तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे आणि तिथे बियांमधल्या कोल्चिसिनसाठी तिची शेतीही होते.

तिचा कंद नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात ती लांगली. आयुर्वेदात तिची गणना उपविषांत होते. घरात आणली तर भांडणं लागतात, असा एक समज तिच्या नावामागे सांगितला जातो. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिचा वापर व्हायचा, असंही सांगतात. भांडणाचं सोडा, पण कंदाचा धोका खरा आहे. रताळं किंवा दुसरा रानकंद समजून तो खाल्ल्याने भारतात आणि श्रीलंकेत मृत्यू झालेले आहेत.

लक्षात काय ठेवायचं?

• कळलावीचा फोटो बिनधास्त काढा. कंद, बिया तोंडात घालू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

• रानभाजी फोटो पाहून किंवा रील पाहून ओळखू नका. ती वर्षानुवर्षं खुडणाऱ्या माणसाकडून शिका. शंका असेल ते पान टाकून द्या.

• युरोपात शिकायला किंवा नोकरीला गेला असाल आणि मित्र रानलसूण खुडायला नेत असतील, तर प्रत्येक पान देठापासून वेगळं तपासा.

• चुकून खाल्लं गेलं, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. उलटी काढायचा घरगुती प्रयत्नही करू नका. उरलेलं पान किंवा कंद सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा आणि किती वाजता खाल्लं ते सांगा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र २४ तास सल्ला देतं.

कोल्चिकम कुणावर झडप घालत नाही. काटा नाही, उग्र वास नाही, शरदातलं फूल तर सुंदरच. फक्त फूल दाखवते तेव्हा ती पान दाखवत नाही. म्हणून फूल ओळखता येतं, एवढ्यावर वनस्पती ओळखता येते असं समजू नये. वर्षभर पाहिल्याशिवाय तिची खरी ओळख होत नाही.